आत्याचं बोलणं मी अर्धंच सांगितलं

कापसाची ती वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि पाठोपाठ पाहुण्यांच्या गाड्या यायच्या. त्यातच एका परदेशी विद्यापीठाचे आठ विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी आले. खेड्यात राहायचं, लोकांशी बोलायचं, त्यांच्यासोबत कामाला जायचं. हाच त्यांचा अभ्यास आणि याचेच त्यांना मार्क.

मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात समाजशास्त्रात एम.ए. करत होते. आमच्याही अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य होतं. म्हणजे एका दिवसाची सहल आणि आदल्या वर्षीच्या मुलींच्या वहीतून उतरवलेला अहवाल. माझं इंग्रजी बरं म्हणून सरांनी मला दुभाषी नेमलं. माझ्या वाट्याला आलेली मुलगी माझ्याच वयाची होती. घाटंजीजवळ माझ्या आत्याकडे तिची सोय मीच केली आणि तिच्यासोबत राहिलेही.

दुसऱ्याच दिवशी ती कमरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधून बायकांच्या ओळीत कापूस वेचायला उभी राहिली. मी धुऱ्यावर, शेताच्या कडेला, वही घेऊन. दर दिवाळीला मी आत्याकडे यायचे, पण तिनं मला कधी वावरात उतरू दिलं नव्हतं. "तू हापिसवाल्याची पोरगी, तुह्ये हात खराब होतीन," म्हणायची. संध्याकाळी त्या मुलीचे ओरबाडलेले हात मांडीवर घेऊन आत्या खोबरेल चोळत बसली. "कामाची हाय पोरगी," मला म्हणाली. "सांग तिले."

मी सांगितलं नाही.

तिच्या पासपोर्टचा, तिच्या विद्यापीठाचा हेवा मला आधीपासून होताच. पण त्या संध्याकाळी जे जळलं ते वेगळं. आत्या माझी होती.

चौथ्या आठवड्यात तिनं आत्याची मुलाखत घेतली. लहानपणी काय व्हायचं होतं, हा तिचा प्रश्न मी मराठीत सांगितला. डाळ निवडणारे आत्याचे हात सुपातच थांबले.

"मास्तरीन," ती म्हणाली. "सातवीत शाळेतून पयली आलती मी. पण घरात एकालेच शिकवणं जमे. तुह्या बापाले यवतमाळले धाडलं, अन् मले वावरात. तो सुट्टीत पुस्तकं घेऊन घरी ये, तवा मी त्याच्याशी बोलतच नव्हती. लय जळे माह्यं."

मुलगी पेन धरून माझ्याकडे पाहत होती. मी इंग्रजीत म्हटलं, "त्यांना शिक्षिका व्हायचं होतं."

"इतक्या बोलल्या, आणि एवढंच?"

"एवढंच."

तिनं तेवढं लिहून घेतलं. वडिलांची लाज झाकली, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे ते मला तिला द्यायचंच नव्हतं. ती आंघोळीला गेल्यावर मी आत्याला विचारलं, "हे मले काहून नाही सांगितलं कधी?"

"तू कधी इचारलं काय?" आत्या म्हणाली आणि डाळ पाखडू लागली.

मुलगी परत गेली. काही महिन्यांनी तिचा छापील अहवाल आमच्या विभागात आला. आत्याच्या वाट्याला एकच ओळ: शिक्षिका होण्याची इच्छा होती. आभारात माझं नाव, तेही चुकीचं. त्यावरून तिच्यावर रागावणं सोपं होतं. पण ती तोकडी ओळ मीच दिलेली होती.

सरांना सांगून मी माझ्या क्षेत्रकार्याचा विषय बदलून घेतला आणि पुढच्या वेचणीला एकटीच आत्याकडे गेले. आधी ती नाहीच म्हणाली, मग तिनंच माझ्या कमरेला झोळी बांधली. मी आठ दिवस वेचलं, विचारलं आणि सगळं लिहिलं, वडिलांसकट.

वडिलांनी माझा अहवाल ऑफिसातून आल्यावर एका बैठकीत वाचला. "मले वाटे, तिले मी आवडतच नाही," एवढंच म्हणाले. रविवारी ते घाटंजीच्या एसटीनं एकटेच गेले. बहीणभावांत काय बोलणं झालं, ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

त्या मुलीला पत्र टाकून आत्याचं पूर्ण बोलणं कळवायला हवं होतं. पत्ता अहवालावरच होता. मी कळवलं नाही.