एकाच नळाचं पाणी

‘पाणी उकळून प्या’ असं सांगणाऱ्या प्रत्येक साहेबाला मला एकदा आमच्या पाणपोईचे रांजण उकळायला लावायचे आहेत. नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी, गॅसपाशी उभं करून.

आमचं घर धंतोलीच्या दवाखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सगळ्या विदर्भातून पेशंट येतात आणि प्रत्येकामागे दोन-तीन नातेवाईक. आत एकालाच बसू देतात, बाकीचे उन्हात. त्यांच्यासाठी आई दर उन्हाळ्यात फाटकाबाहेर पाणपोई लावते. दोन रांजण, त्यांना गुंडाळलेलं ओलं फडकं आणि लांब दांड्याचं ओगराळं. आईचे गुडघे गेलेत, पण रांजण ती दुसऱ्या कोणाला घासू देत नाही. उपासतापास तिला कधी जमले नाहीत. तहानलेल्याला पाणी द्यायचं आणि तो कोण हे विचारायचं नाही, एवढाच तिचा धर्म.

यंदा नळाच्या पाण्याला वास यायला लागला. गटाराचा वास, उगाच नाजूक शब्द कशाला वापरू. आमचा रस्ता कधी केबलसाठी, कधी सिमेंटसाठी खोदलेलाच असतो. कुठेतरी पाइप फुटलाय हे शेंबडं पोरही सांगेल. आईनं त्याच दिवशी रांजण रिकामे केले आणि मी मोबाइलवरून महापालिकेकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, तक्रार निकाली काढली आहे. आमच्या दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. पुन्हा तक्रार, पुन्हा निकाली. शेवटी मी ऑफिसात जाऊन इतका आवाज चढवला की रांगेतले लोक मागे सरकले.

तेव्हा कुठे एक साहेब आले. अंगणातला नळ त्यांनी खूप वेळ मोकळा सोडला, पाणी नितळ झाल्यावर बाटली भरली, आणि नंतर मला फोन करून सांगितलं, पाणी पिण्यायोग्य आहे. मी पाइपचं विचारलं. ‘जुनी लाइन आहे मॅडम. उकळून प्या ना.’

पिण्यायोग्य असेल तर उकळायचं कशाला, हे विचारेपर्यंत फोन बंद. वासही त्या आठवड्यात कमी झाला होता. आई म्हणाली, ‘सायबानं तपासलं ना वं? लोकं काहून तहानेनं मरतील?’ तिनं पाण्यात तुरटी फिरवली आणि रांजण भरले.

वास परत आला तो रांजणात पाणी असतानाच. कोणा पेशंटच्या भावाला उलट्या झाल्या असं कानावर आलं. उन्हानं झाल्या की पाण्यानं, देव जाणे, पण आई त्या दिवशी जेवली नाही. आणि मग तेच साहेब दोन माणसं घेऊन हजर. यावेळी न बोलावता, पळत. हे पाणी पिण्यालायक नाही, पाणपोई ताबडतोब बंद करा, नाहीतर तुमच्यावर केस होईल.

‘घरातलं चांगलं अन् बाहेरचं खराब?’ आई म्हणाली. ‘नळ तर एकच आहे जी.’

‘आजी, घरात तुम्ही काय पिता ते तुम्ही पाहा. बाहेरचा माणूस आजारी पडला तर आमच्यावर येते.’

मी पुष्कळ बोलले. निर्लज्ज म्हणाले, त्याहून वाईटही म्हणाले, आणि त्यातला एकही शब्द मला परत घ्यायचा नाही. माणसांनी रांजण रस्त्यावर पालथे केले आणि गाडीत बसून निघून गेली. फुटका पाइप जिथल्या तिथे. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, ते हेच. मी तक्रार केली नसती तर बरं झालं असतं असं शेजारीण म्हणाली. तिच्याशी मी अजून बोलत नाही.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी भर दुपारी एक बाई फाटकाशी आली. आईपेक्षा थोडी लहान, घामानं भिजलेली, गळ्यात बुद्धाचं लॉकेट, हातात रिकामी बाटली.

‘एवढी भरून द्या बाई. भिवापूरहून आलो, पोरगी भरती आहे.’

केसच्या धाकानं आईच्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘पानी नाही वं माय इथं.’

बाईनं दारावरची पाटी पाहिली, त्यावरचं आमचं आडनाव वाचलं. मग तिची नजर माझ्यावर आली. मी पायरीवर उभी होते आणि माझ्या हातात पाण्याचा ग्लास होता.

‘आमाले नाही देत काय?’

आवाज जराही चढला नव्हता. आमाले म्हणजे कोणाला, हे आम्हा तिघींनाही समजलं.

‘तसं नाही,’ आई म्हणाली, ‘पानी खराब आहे इथलं.’

‘असंच सांगतेत बाई,’ ती म्हणाली.

आई गुडघ्यांचं विसरून आत धावली. सकाळचं उकळलेलं पाणी तांब्यात ओतून बाहेर आली तोवर बाई रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात बाटली विकत घेत होती. आईनं हाक मारली, दोनदा मारली. बाईनं मागे वळून पाहिलं नाही.

फुटका पाइप साहेबांचा, खोटा निकाल साहेबांचा. आणि भिवापूरला गेल्यावर ती बाई सांगेल की नागपुरात एका म्हातारीनं मला पाणी नाकारलं. तिला खोटं कोण म्हणणार? आईनं नाकारलंच होतं.