सिंधू अक्काचं टेबल आणि ओजसचा अर्ज

व्याकरणाच्या क्लासमध्ये किस्से होतात असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. बघू देत! सिंधू अक्काच्या टेबलावर धडे संपायचे, वह्या संपायच्या, किस्से काही संपायचे नाहीत. एक सांगायला घेतला की मागचा दुसरा हात वर करून उभा! त्यामुळे आठवतील तसे सांगतो, क्रम वगैरे मागू नका.

आधी कोण कोण ते ऐका. मी चिन्मय. सहावीपर्यंत शाळेत होतो. मग शाळेने आणि माझ्या आईने एकाच आठवड्यात ठरवलं, की मी घरीच शिकलेलं बरं. (शाळेची घंटा माझ्या दप्तरात सापडली होती, एवढंच.) आमची बिल्डिंग इकडे कन्नड मुलखात, जे. पी. नगरला. आमच्या वरच्या मजल्यावर इरा आणि ओजस, भाऊ-बहीण. इरा माझ्याएवढी, ओजस बारा वर्षांचा. हे दोघं तर जन्मात शाळेत गेलेले नाहीत. त्यांचे आईबाबा, म्हणजे मेधा काकू आणि श्रीकांत काका, पुण्याहून आलेले. मुलांनी आपलं आपण शिकावं असं त्यांचं ठाम मत. आणि शिकली पण! ओजसला विचारा, मुंगीला किती पोटं असतात. दोन! एक स्वतःचं, एक मैत्रिणींसाठी. पण हेच कागदावर लिही म्हटलं की बोंब.

मी आणि इरा ओपन स्कूलमधून दहावीला बसणार होतो. भाषा कुठली घ्यायची? दोन्ही आया म्हणाल्या, "मराठी घ्या. घरचीच आहे, सोपी जाईल!"

घरचीच होती, पण बोलायला. लिहायला बसलो तर ती आम्हाला ओळखच दाखवेना.

म्हणून तळमजल्यावरची सिंधू अक्का. छापखान्यात प्रुफं तपासून रिटायर झालेली. तिला 'अहो' म्हटलं की रागावते. तिच्या घरची माणसं तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आली ती इकडचीच झाली. त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड असं मुरलंय, की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते तिलाही सांगता येत नाही. व्याकरण मात्र एकदम कडक.

ओजसचं प्रकरण वेगळं होतं. त्याला परीक्षा नव्हती. त्याला शाळेत जायचं होतं!

घरात भूकंप. पण श्रीकांत काका सॉफ्टवेअरमधले, ते चिडत नाहीत, अटी घालतात. म्हणाले, "का जायचंय ते अर्जात लिहून दे. मराठीत, स्वतःच्या शब्दांत, एकही चूक नको. आम्हाला पटलं तर फॉर्म आणू."

शाळेचे फॉर्म महिनाअखेरपर्यंतच मिळणार होते. आणि ओजसला चार वाक्यं सरळ लिहिता येत नव्हती.

*

पहिल्याच दिवशी अक्काने फळ्यावर लिहिलं, 'मी शाळेत जातो.' म्हणाली, "काळ ओळखा."

मी म्हटलं, "भूतकाळ."

"कसा रे?"

"जायचो. आता नाही जात."

इरा म्हणाली, "अक्का, वाक्यच खोटं आहे. काळाचा प्रश्न येतोच कुठे?"

ओजस फळ्यावरच्या वाक्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "भविष्यकाळ. बाबांना पटलं तर."

अक्काने खडू खाली ठेवला. "अय्यो! वर्तमानात कोणीच नाही काय रे तुम्ही?"

*

ओजसने मुंग्यांवर दोन पानं लिहून आणली. दोन पानांत पूर्णविराम एकही नाही! एक मुंगी वारुळातून निघाली ती दुसऱ्या पानाच्या तळापर्यंत चालतेच आहे.

अक्का म्हणाली, "मोठ्याने वाच. पूर्णविराम दिसल्याशिवाय श्वास घ्यायचा नाही."

अर्ध्या पानात त्याचा टोमॅटो झाला. "अक्का... मरेन!"

"मग टिंब दे की रे! आणि मध्ये जिथे थोडंसंच थांबायचं, तिथे स्वल्पविराम."

"स्वल्प म्हणजे?"

"ऑटोवाला काय म्हणतो? 'स्वल्प अडजस्ट माडी!' माडी म्हणजे करा, स्वल्प म्हणजे थोडं. कन्नडात तेच, मराठीत तेच."

ओजसचा चेहरा उजळला. स्वल्प तर त्याला रोज भेटायचं. ऑटोवाला म्हणतो, इडलीवाला म्हणतो, नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही दोन तास उशीर करून स्वल्पच म्हणतो! ते वहीतसुद्धा असतं हे त्याला आजच कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. 'मुंगी, ही, फार, कष्टाळू, असते, आणि, ती, कधीही, थांबत, नाही.'

अक्काने चष्मा वर सरकवला. "मरी, मुंगी थांबत नाही, पण तू प्रत्येक स्टॉपला थांबतोयस. ही बस शिवाजीनगरला पोचायची कधी?"

(मरी म्हणजे कन्नडात पिल्लू. ओजसला आधी भलतंच वाटलं होतं.)

*

पेपरात एक प्रश्न ठरलेला असतो. आजारी असल्यामुळे मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहा.

इराने विचारलं, "आमचे मुख्याध्यापक कोण?"

अक्का म्हणाली, "तुला घरात सुट्टी कोण देतं?"

"आई."

"सरी, ठीक. मग तिलाच लिही."

इराने लिहिलं, 'माननीय मुख्याध्यापिका, आज माझ्या पोटात दुखत आहे. त्याचे कारण आपणास ठाऊक असेलच, कारण कालची वांग्याची भाजी आपणच केली होती. तरी एक दिवसाची रजा मिळावी, ही विनंती. आपली आज्ञाधारक, इरा.'

अक्काला चूक सापडली नाही. इराने ऐटीत तो कागद घरी फ्रिजवर लावला.

संध्याकाळी त्या अर्जाखाली मेधा काकूंच्या अक्षरात शेरा आला. 'रजा नामंजूर. अर्जदाराने सदर भाजी दोनदा मागून घेतली होती.'

*

एकदा विषय होता सहलीचा. ओजसने विचारलं, "आम्ही लालबागेत गेलो, की लालबागात गेलो?"

मी म्हटलं, "लालबागात. तो बाग." आमचे पप्पा निपाणीचे, आमच्या घरी तो बाग.

इरा म्हणाली, "लालबागेत. ती बाग." त्यांच्या घरी ती.

मी म्हटलं, पप्पांना विचारतो. फोन लावला. ते होसकोट्याला फॅक्टरीत, मागे मशीन धडाधड. ओरडले, "काय? कोण हरवलंय लालबागात?"

"बघ! 'लालबागात' म्हणाले!" मी म्हटलं.

"मशीनच्या आवाजात मात्रा पडली असेल!" इरा म्हणाली.

अक्काने शब्दकोश काढला. त्यात दोन्ही बरोबर! आता आली का पंचाईत. आमचं भांडण आणखीनच वाढलं, कारण आता दोघंही बरोबर होतो. तेवढ्यात ओजसने वही पुढे केली. त्याने शांतपणे एक शब्द खोडून वर लिहिलं होतं, 'आम्ही कब्बन पार्कमध्ये गेलो.'

सहलच बदलली पठ्ठ्याने!

*

आता हा किस्सा माझ्या अंगाशी आलेला. सांगतो, पण फार हसू नका.

ओजस पहिला अर्ज लिहायला बसला. मला म्हणाला, "चिन्मयदादा, बाबांना लिहायचं तर 'तुम्ही' ना?"

मी म्हटलं, "तुम्ही तर आहेच. पण अर्जात मोठ्या माणसाचं सगळंच आदराने लिहायचं. त्यांच्या सगळ्या वस्तू अनेकवचनी."

"सगळ्या?"

"सगळ्या! नाहीतर अपमान होतो."

मला वाटलं, अक्का बघेल, हसेल, खोडेल. पण त्या दिवशी अक्का बँकेत गेली होती. ओजस कागद घेऊन सरळ वर. आणि सुरुवात तरी गोड करावी म्हणून त्याने लिहिलं होतं, 'आदरणीय बाबा, आपले डोके फार हुशार आहेत. आपले टक्कल चमकत आहेत.'

पाच मिनिटांत ओजस खाली आला. अर्ज परत. वर लाल पेनाने गोल, आणि शेजारी लिहिलेलं, 'चिन्मयला सांग, टक्कल एकवचनी असतं. निदान मला तरी एकच आहे.'

मी खो खो हसलो. ओजस नाही हसला. म्हणाला, "दादा, आता दहाच दिवस आहेत."

मग मीही थांबलो.

*

दुसरा अर्ज मी मनापासून करून दिला. खरंच! पापक्षालन म्हणा. माझ्याकडे एक जुनी निबंधमाला होती, तिच्यातली एकसे एक वाक्यं काढली. 'शाळा हे ज्ञानाचे पवित्र मंदिर आहे.' 'विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासासाठी शिस्त अनिवार्य आहे.' एक पानभर. शुद्धलेखनाची चूक औषधाला नाही. मीच इम्प्रेस झालो.

या वेळी आधी अक्काला दाखवलं. तिने पूर्ण वाचलं. पेन्सिल उचललीच नाही.

"बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"चूक एकही नाही." मग तिने ओजसकडे बघितलं. "पण मरी, ह्यात तू कुठे आहेस?"

ओजसने बोट ठेवलं. "हा काय, खाली. आपला नम्र."

अक्का हसली नाही. "हे तुझे बाबा पहिल्या ओळीत ओळखतील. बेडा. नको हे."

ओजसला रडू यायला लागलं. "मग मी काय लिहू? चिन्मयदादा म्हणतो विकास लिही, ताई म्हणते मित्र लिही, पण मला मित्र आहेत! बाबा विचारतील, शाळेत काय मिळतं जे घरी मिळत नाही. तर मी काय सांगू?"

"तेच तर लिहायचंय."

"ते फार छोटं आहे, अक्का. पान भरणार नाही."

"पान भरायला सांगितलंय कोणी? प्रुफं तपासताना मी तीस वर्षं बघितलंय. ज्याच्याकडे सांगायला काही नसतं, तोच पान भरतो." तिने निबंधमालेचं पान घडी घालून माझ्या खिशात कोंबलं. "जा. एकटा बस. ह्याला दाखवू नको, मलाही नको."

मी म्हटलं, "आणि चूक राहिली तर?"

"राहू दे तिकडे!"

अक्का चूक राहू दे म्हणाली! मी आणि इरा एकमेकांकडे बघतच राहिलो. हे म्हणजे ट्रॅफिक पोलिसाने सिग्नल तोडायला सांगण्यासारखं होतं.

*

रविवारी सकाळी मी वर गेलो. इराचं पुस्तक परत द्यायचं निमित्त होतं, पण इराने पुस्तक घेतलं आणि म्हणाली, "ये, बस. तू पुस्तकासाठी आलेला नाहीस." फॉर्म मिळण्याचे शेवटचे दोन दिवस उरले होते.

श्रीकांत काका डायनिंग टेबलावर बसलेले. हातात लाल पेन, टोपण काढलेलं. काका कुठलाही कागद बग शोधल्यासारखा वाचतात, दुधाची पिशवीसुद्धा. समोर ओजस उभा. इस्त्रीचा शर्ट घातलेला, घरातल्या घरात! मेधा काकू गॅसजवळ उप्पीट हलवत होत्या.

ओजसने कागद दिला.

काका म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

काकांनी कागद उलटा करून बघितला. मागे कोरा. परत सुलटा केला. वाचला. मग पुन्हा वाचला. आता काहीतरी गोल करतील म्हणून मी पेनाकडे बघत होतो. पेन हललं नाही.

"अहो, काय लिहिलंय? मोठ्याने वाचा की," काकू म्हणाल्या.

काकांनी वाचलं नाही. नुसता कागद त्यांच्याकडे धरला. काकूंनी वाचला आणि गॅस बंद केला. उप्पीट अजून झालं नव्हतं. इराने काकूंच्या खांद्यावरून डोकावून बघितलं. मी वाट बघितली, आता टोमणा येईल. इराकडून टोमणा आला नाही, हे मी त्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदाच बघितलं.

ओजस घाबरून म्हणाला, "चूक आहे का?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. "नाही," ते म्हणाले. मग काकूंना विचारलं, "मेधा, ते शाळेचं ऑफिस उद्या किती वाजता उघडतं गं?"

मला राहवेना. मी टेबलावरून कागद ओढला. वर उजवीकडे तारीख. मग 'प्रति, आई आणि बाबा.' मग 'विषय: शाळेत घालण्याबाबत.' आणि त्याखाली एकच ओळ.

'मला शाळा सुटल्यावर घरी यायचं आहे.'