किसनच्या व्हॅनमधली शांतता

किसननं एकोणीस वर्षं मिलच्या पिंजण खात्यात कापूस खाल्ला. तोंडानं नव्हे, नाकानं. मिलला टाळं लागलं तेव्हा हाती आलं ते एवढंच: दुपारी घरी लोळायची मोकळीक, आणि कसलाच वास न येणारं नाक. भाजी करपली तरी त्याला ती ताटात पडल्यावर कळायची.

मग त्यानं एक जुनी व्हॅन घेतली आणि सुदामा नगरची पोरं शाळेत पोचवायला लागला. इंजिन पुढच्या सीटखाली, पोरं मागे. पहिले काही महिने पोरांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. दिवाळीनंतर थंडी पडली, हात दाखवायला किसनची तेवढी उघडी ठेवून मागच्या सगळ्या काचा बंद झाल्या आणि पोरं एकदम शांत झाली. शाळा येईपर्यंत निम्मी तर डुलक्याच घ्यायची. किसनला वाटलं, आपला वचक बसला.

इरावतीबाई पुण्याहून या हिंदी मुलखातल्या कॉलेजात शिकवायला आल्या होत्या. त्यांचा सात वर्षांचा वेदांत म्हणजे चालतंबोलतं संकट.

"किसनराव, घरी हा पडदे ओढून पाडतो. तुमच्याच गाडीत एवढा गुणी कसा हो?"

"मिल का डिसिप्लिन आहे, मॅडम," किसन ऐटीत म्हणाला.

बाईंनी शेजारणींना सांगितलं आणि आणखी तीन पोरं वाढली.

जानेवारीतल्या एका रविवारी त्याची बायको मंजुळा छत्रीबागेत बहिणीकडे जायला व्हॅनमध्ये मागे बसली. अर्ध्या वाटेत तिचं डोकं गरगरलं. उतरून ती नालीपाशी ओकली.

"अहो, गाडीत धूर भरतोय! तुम्हाला पताच नाही क्या?"

किसनला खरंच पता नव्हता.

मिलच्या शेवटच्या पाळीला त्यानं मूठभर कापूस खिशातून घरी आणला होता. कशाला, ते त्याला सांगता आलं नसतं. घरी परतल्यावर त्यातला एक पुंजका घेऊन त्यानं सीट उचलली, इंजिन चालू केलं आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपाजवळ धरला. एका जोडापाशी पुंजका बोटांतून उडाला. आतलं पॅकिंग जळून गेलं होतं. सगळा धूर सीटखालून थेट पोरांच्या तोंडावर. पोरं गुणी झाली नव्हती, मरायला टेकली होती, आणि हा मूर्ख आरशात बघून खूश होत होता.

त्यानं नवीन पॅकिंग बसवलं. पुंजका पुन्हा धरला. हलला नाही. आता गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण संध्याकाळी तो दारोदार फिरला.

"मॅडम, डिसिप्लिन वगैरे काही नव्हतं. धूर होता. गलती माझी."

इरावतीबाईंनी वेदांतला जवळ ओढलं आणि दार लावून घेतलं.

सोमवारी व्हॅनमध्ये चारच पोरं होती. पंधरा दिवसांनी वेदांत परत आला, कारण मधल्या काळात दोन रिक्षावाल्यांनी त्याच्यापुढे हात जोडले होते. बाई एवढंच म्हणाल्या, "त्याला गप्प बसू देऊ नका."

तेव्हापासून किसननं मिलसारखी हजेरी सुरू केली. प्रत्येक चौकात एकेकाचं नाव पुकारायचं, पोरानं "हाजिर!" ओरडायचं. इतका गोंगाट व्हायचा की एका आईनं त्यापायी पोरगी काढून घेतली. किसननं तिला नमस्कार केला आणि हजेरी चालू ठेवली.

एके सकाळी वेदांतचं उत्तर आलं नाही. किसननं भर रस्त्यात ब्रेक मारला, दार उघडलं, पोराला खांद्याला धरून गदगदा हलवलं. वेदांतनं डोळे मोठे केले. त्याच्या तोंडात अख्खं बिस्किट होतं.

किसन तिथंच फूटपाथवर बसला आणि रडू लागला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. पोरं खिडकीतून बघत राहिली. मग वेदांतनं बिस्किट गिळलं आणि पुकारलं, "किसन अंकल!"

मिल बंद झाल्यापासून हजेरीत त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

"हाजिर," किसन म्हणाला, आणि उठला.