रायसाची सफरचंदं
लेनिनग्राडच्या त्या वसाहतीत व्हेनियामिन इग्नात्येविचला लोक तोंडावर मान देत आणि पाठीमागे 'घोडेस्वार' म्हणत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो स्वतः कॉम्प्युटर जोडायचा आणि वेगाचं त्याला भारी वेड. दर रविवारी सांस्कृतिक भवनात अशीच छंदी मंडळी आपापले घरी जोडलेले कॉम्प्युटर, म्हणजे त्यांच्या भाषेत 'डबे', घेऊन जमत आणि कोणाचा वेगवान हे बघायला सगळ्यांवर एकच आकडेमोड लावत. व्हेनियामिनचा, म्हणजे सगळ्यांच्या व्हेन्याचा, डबा पहिला यायचा. मग स्वारी आठवडाभर हवेत! बाजारातल्या खेळांच्या निम्म्या कॅसेटी त्या वेगापायी त्या डब्यावर चढतच नसत, पण त्याला हे सांगणार कोण?

त्या हिवाळ्यात रायसाला, त्याच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. बोटं हलवत राहा, नाहीतर हात जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. व्हेन्याने लगेच सफरचंदं टोपलीत झेलायचा खेळ आपल्या डब्यासाठी बदलून घेतला. पण त्या डब्यावर खेळही भरधाव पळायचा; तिचं बोट उचलेपर्यंत सफरचंदांचा सडा पडलेला असायचा.

"लवकर, रायसा, लवकर!" व्हेन्या म्हणायचा.

दोनदा-तीनदा ऐकून तिने हात मांडीवर ठेवला. "राहू दे रे. मला नाही जमायचं."

मग ती दुपारची खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, तमारा साव्हेल्येव्हनाकडे, चहाला जाऊ लागली; तीही रविवारी डबा घेऊन भवनात यायची. एकदा व्हेन्या तिला आणायला गेला, तर रायसा तमाराच्या जुन्या डब्यासमोर बसलेली. याच डब्याला व्हेन्या भवनात खदाखदा हसला होता. सफरचंदं निवांत खाली येत होती, रायसाचं बोट थरथरत वेळेवर पोचत होतं आणि ती वाकड्या ओठांनी हसत होती.

"या घोडेस्वार! कासवाच्या घरी कुठे वाट चुकलात?" तमारा म्हणाली.

"या डब्यात काय बदल केलात?" व्हेन्याने विचारलं.

"काहीच नाही. ज्या वेगासाठी खेळ लिहिलाय, त्याच वेगाने चालतो. तुमच्यासारखी आम्हाला कुठली गाडी गाठायचीय?"

व्हेन्याला ते फार लागलं. बायको आपल्याला न सांगता इथे येते, याहून जास्त लागलं ते तिचं हसणं.

त्याच संध्याकाळी त्याने डबा उघडून मूळ वेग परत आणला. वर एक फिरवायचं बटण बसवलं: कॅसेट मूळ वेगात चढवायची, मग हवं तेवढं सावकाश करायचं. रविवारच्या आकडेमोडीत त्याचा डबा शेवटचा आला.

"घोडा म्हातारा झाला वाटतं!" कोणीतरी टोमणा मारला.

"झाला," तो म्हणाला आणि टोपी घालून लवकर घरी गेला.

बर्फ वितळत आलं तेव्हाची गोष्ट. व्हेन्या चहा ओतत होता. पडद्यावर टोपली भरत होती.

"व्हेन्या, किती रेंगाळतं हे! कंटाळा येतो बाई," रायसा म्हणाली आणि तिने स्वतःच हात पुढे करून बटण फिरवलं.

उजवा हात. चहा बशीत सांडला तरी तो त्या हाताकडे बघत राहिला.