उघड्या पाठीचा कंद

जानेवारी १९९७ मध्ये बेव्हर्ली गेल्याचे कळले, तेव्हा तिचा बाप जोकिम का रडला नाही? या प्रश्नाचे उत्तर त्याची पत्नी इसाबेल हिच्यापाशीही नव्हते आणि येथेही ते देता येणार नाही. सांगता येते ते एवढेच, की त्या सकाळी आखातातल्या खोर फक्कानच्या हॉटेलातील बागेला त्याने नेहमीप्रमाणे पाणी सोडले आणि मगच तो सुटी मागायला ऑफिसात गेला.

बेव्हर्ली कॅनडातील एका लहान गावी नर्स होती. तेथील जमीन गोठलेली, म्हणून दफन मे महिन्यापर्यंत थांबले. जोकिमला सुटी मिळाली ती ऑगस्टमध्ये, कारण आखातातला उन्हाळा हाच हॉटेलच्या मंदीचा काळ. कॅनडातच नोकरीला असलेल्या त्याच्या मुलाने, अँड्र्यूने, थडग्यावर लावायला आयरिसचे कंद आणून ठेवले होते. त्या थंडीत हे फूल तगते म्हणून. जोकिम वसईच्या वाडीत वाढलेला. हळदीसारखे दिसणारे ते कंद त्याने हळदीसारखेच चार बोटे खोल लावले, वर माती ओढली, तळव्याने थोपटली आणि तो परतला.

पुढच्या जूनमध्ये अँड्र्यूचा फोन आला. पाती आली होती, फूल नव्हते. दफनभूमीच्या राखणदाराच्या मते कंद फार खोल गेले होते. आयरिसच्या कंदाची पाठ मातीबाहेर, उन्हात राहायला हवी. ऑगस्टमध्ये ते वर घेतले, तर बर्फापूर्वी मुळे धरतील.

“वर बर्फ पडणार, आणि आपण उघडं ठेवायचं?” जोकिम म्हणाला.

“डॅडी, इट्स नॉट हळद.”

“थांब. मी सांगतो तुला.”

तो सांगेना. ऑगस्ट निम्मा उलटला. बागेतला त्याचा जोडीदार अन्वर, मूळचा खेडचा, पाइप गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “जोकिमभाय, आख्ख्या हॉटेलातल्या झाडांना तुम्ही हुकूम सोडता. त्या एकाला कशाला घाबरता?”

“झाडाला नाय रे.”

अन्वरने पाइप खांद्यावर टाकला आणि तो पुढच्या वाफ्याकडे गेला.

त्या संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा इसाबेल भाजी निवडत बसली होती. “अँड्र्यू विचारतोय,” ती म्हणाली. “आता पुढं उशीर होईल म्हणे.”

“पोरीवर मी घातलेली माती, मीच काढायला सांगू?”

“ती खूप खाली आहे,” इसाबेल मान वर न करता म्हणाली. “तुम्ही काढताय ती कंदावरची.”

त्याला दुःख झाले नाही, रागही आला नाही. हात तेवढे जड वाटले. त्याच हाताने त्याने नंबर फिरवला.

“काढ माती. पाठ दिसेल इतकीच. नि पाणी बेतानं.”

“यू शुअर, डॅडी?”

“खलास, ठरलं. काढ.”

जून १९९९ मध्ये त्या कंदांना निळी फुले आली. जोकिमला सुटी पुढेही ऑगस्टमध्येच मिळत राहिली, आणि २००४ साली निवृत्त होऊन तो वसईला परतला तोवर जूनमध्येच फुलणारी ती फुले त्याने पाहिलेली नव्हती.