एकच डोळा गळत होता

कोरोनात आम्ही नवराबायको दोघंही दवाखान्यात होतो. मी घरी आलो, ती आली न्हाय. त्याबद्दल एवढंच सांगतो.

घरातली चूल बंद होती. शेजारच्या बाया कडू घास म्हणून पिठलं-भाकरी आणून द्यायच्या. मला डाव्या बाजूनं चावता येत नव्हतं, वरचे दात हलत होते. भाकरी ताटात तशीच राहायची. बाया म्हणायच्या, घास उतरंना बिचाऱ्याला. डावा डोळा सारखा गळायचा, गाल सुजला होता. भेटायला येणारे म्हणायचे, रडून रडून तोंड सुजलं. मलाही ते पटलं. बायको गेल्यावर माणसाला काय काय होतं, मला तरी कुठं ठाऊक होतं.

मग तेर गावाहून मेहुणी आली, बायकोची धाकटी बहीण. रडायचं सोडून माझ्या तोंडाकडं बघत बसली.

"दाजी, रडू दोन्ही डोळ्यांनी येतं. तुमचा एकच गळतोय."

तिनं सगळ्यांदेखत माझ्या गालाला चिमटा काढला. "लागतं का?"

"न्हाय."

"आमच्या गावात एकाचा डोळा असाच गेला. उठा."

थोरला भाऊ मधी पडला. "दहावा व्हायचाय अजून. सुतकात कुठं नेतीस त्याला?"

"मग लगोलग ह्यांचाबी दहावा घालायचाय का?"

दहावा करायला माझा पोरगा मागं राहिला आणि आम्ही दोघं जीप करून निघालो. धाराशिवच्या डॉक्टरनं नाकात बघितलं आणि तसंच सोलापूरला धाडलं.

तिथं समजलं. माझी साखर जुनी, कोरोनाच्या औषधानं आणखी चढलेली. अंगात झुंजायची ताकद उरली न्हाय, म्हणून शिळ्या भाकरीला धरते तसली बुरशी नाकाच्या आतल्या पोकळ्यांत धरली होती. डोळ्याच्या कडेपर्यंत आली होती. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचंल का, आत गेल्यावरच कळंल. आणि बुरशी मेंदूत शिरली तर माणूसच जातो.

नाकातून दुर्बीण घालून सडलेलं खरवडून काढलं. डावीकडचे वरचे दात, जबड्याचा तुकडाही गेला. मग रोज सलाईनमधून औषध. ते लावलं की हुडहुडी भरायची, आणि मूत्रपिंडाला धक्का नको म्हणून सारखं रक्त तपासायचे. मी कुडकुडत असलो की मेहुणी घोंगडं टाकायची आणि म्हणायची, "अक्का असती तर म्हणली असती, आज पहिल्यांदाच ह्यांचं अंग हललं."

डाव्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा ती समोरच उभी होती. तिनं माझा उजवा डोळा हातानं झाकला.

"कोण दिसतंय?"

"तूच. हनुवटीवरच्या मसासकट."

"मग वाचला डोळा," ती म्हणाली आणि स्टुलावर बसलीच.

मी विचारलं, दहाव्याला कावळा शिवला का. म्हणाली, "लगेच शिवला. अक्काला कुणाला ताटकळत ठेवायची सवय न्हवती."

तेव्हा मला रडू आलं. ती उठली, जवळ येऊन नीट बघितलं.

"दोन्ही गळतायत," म्हणाली, आणि चहा आणायला गेली.