एस्तेरमावशींची प्रार्थना

एस्तेरमावशी रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात तीस वर्षं आया होत्या. चर्चच्या वर्धापनदिनी सगळ्यांसमोर प्रार्थना करायला पाळकसाहेबांनी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं आणि त्या घाबरल्या. मी त्याच चर्चमधली, मराठी घेऊन बी.ए. झालेली. त्यांना पानभर सुंदर प्रार्थना लिहून दिली.

त्या उभ्या राहिल्या. हातातल्या कागदाकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग त्यांनी त्याची घडी करून तो पर्समध्ये ठेवला आणि डोळे मिटले.

"बापा, आम्ही सगळी आलोय. तू पण बस आमच्यात. आमेन."

सगळे "आमेन" म्हणाले. मी थक्क झाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मावशी, माझा कागद?"

"छान होता गो! पण देवबापाला वाटलं असतं, ही कोण नवीन बाई बोलतेय?"

त्या हसल्या. मग डब्यातल्या नारळाच्या वड्या त्याच कागदात बांधून त्यांनी माझ्या हातात दिल्या.